मधमाशी चावली? सुजेवर नको, बाकीच्या अंगावर नजर ठेवा

थंडी सरून पांगारा आणि सावर फुलली की वर्तमानपत्रात एक बातमी हमखास येते. कुठल्यातरी गडावर पर्यटकांच्या घोळक्यावर आग्या मोहोळ उठलेलं असतं. कधी ते यात्रेतल्या फटाक्यांनी उठतं, कधी स्मशानात चितेचा धूर झाडावरच्या पोळ्यापर्यंत पोचला म्हणून. शिवनेरीवर आणि अजिंठ्याच्या लेण्यांपाशीही हे घडून गेलं आहे. बातमीत जखमींचा आकडा असतो, कोण अतिदक्षता विभागात आहे तेही असतं. वाचणाऱ्याला मात्र वेगळंच कोडं पडतं. एकाच झाडाखाली एकाला तीसेक माश्या चावतात आणि तो रात्री घरी जेवायला असतो. दुसरा दोन डंखांत कोसळतो. असं का?

कारण "मधमाशी चावली" या एका वाक्यात तीन निरनिराळी दुखणी असतात. पहिलं म्हणजे चावलेल्या जागी दुखणं, सुजणं. दुसरं म्हणजे विषाचं वावडं, ज्याला आपण ॲलर्जी म्हणतो. त्याला एक डंखही पुरतो. तिसरं म्हणजे शेकडो डंखांतून अंगात गेलेल्या विषाचा निव्वळ बोजा. तिथे वावडं असो वा नसो, विष आपलं काम करतं. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि आपल्याकडे घोळ होतो तो नेमका इथेच. फुगलेला हात पाहून घरदार घाबरतं, आणि हात फारसा सुजला नाही पण डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणणाऱ्याला "घाबरलाय, पाणी द्या" म्हणून खुर्चीत बसवून ठेवतात.

## कोणती माशी चावली?

आपल्याकडे माणसांवर झुंडीने तुटून पडते ती बहुतेक वेळा आग्या मोहोळाची माशी. कड्यावर, उंच झाडावर, पाण्याच्या टाकीखाली किंवा इमारतीच्या छज्ज्याला तिचं एकच मोठं, उघडं पोळं लटकतं आणि त्यावर हजारो माश्या एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत किंवा मधपाळाच्या पेटीत राहते, स्वभावाने बरीच शांत. झुडपात तळहाताएवढं पोळं करणारी फुलोरी त्याहून गरीब. या सगळ्यांचा काटा आकड्यांचा असतो. माणसाच्या कातडीत तो अडकतो, माशी उडताना विषाच्या पिशवीसकट तुटतो आणि माशी मरते.

गांधीलमाशीचं तसं नाही. तिची नांगी बहुधा अडकत नाही, ती पुन्हापुन्हा डंख मारू शकते. कातडीत काटा दिसला तर मधमाशी, नाही दिसला तर बहुतेक गांधील, एवढी खूण लक्षात ठेवावी. पुढे डॉक्टरांना हे सांगता आलं तर उपयोगी पडतं, कारण दोघींची विषं वेगळी आहेत आणि एकीचं वावडं असलेल्याला दुसरीचं असेलच असं नाही. पहिल्या अर्ध्या तासात जे करायचं ते मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच.

## आधी पळा, मग काटा काढा

माशी डंख मारते तेव्हा एक वासही सोडते. पिकलेल्या केळ्यासारखा हा वास म्हणजे बाकीच्या माश्यांना दिलेली हाक असते: शत्रू इथे आहे. म्हणून एक डंख बसलेल्या जागी आणखी दहा बसतात आणि माशी चिरडली की प्रकरण वाढतं. हात झटकणं, टॉवेल फिरवणं, जागीच खाली बसणं यातलं काहीही करू नये. शर्ट, ओढणी, सॅक, जे हाताला येईल त्याने तोंड-डोकं झाकून सरळ पळत सुटावं आणि गाडी, घर, तंबू अशा बंद जागेत शिरावं. दोन-चार माश्या आत आल्या तरी हरकत नाही. आग्या माश्या काही शे मीटर सहज पाठलाग करतात, त्यामुळे वीस पावलांवर थांबून मागे वळून पाहण्यात अर्थ नाही. विहिरीत किंवा तळ्यात उडी मारणं तर मुळीच नको. माश्या वर घिरट्या घालत थांबतात, तुम्हाला श्वासासाठी डोकं वर काढावंच लागतं. कड्याच्या टोकाला असाल तर पळण्याआधी पायाखाली पाहा. माश्यांपेक्षा दरी वाईट.

सुरक्षित जागी पोचलात की काटे काढा. इथे एक जुना नियम अजून ऐकू येतो: चिमटीत धरू नका, पिशवी दाबली जाऊन उरलेलं विष आत जाईल, कार्डाने खरवडूनच काढा. 1996 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. संशोधकांनी स्वतःच्या अंगावर डंख घेऊन काटा दोन्ही रीतींनी काढून पाहिला. खरवडलं काय नि चिमटीत धरलं काय, उठलेल्या गांधीच्या आकारात फरक पडला नाही. फरक पडला तो उशिराने, तोही अवघ्या काही सेकंदांच्या. तुटलेली पिशवी स्वतःहून आकुंचन पावत राहते आणि बरंचसं विष पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात आत ढकलते. एटीएम कार्ड शोधत पाकीट उलटंपालटं करण्यापेक्षा नखाने काढून टाकावा.

मग साबण-पाण्याने जागा धुवावी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरावा. बोटाला किंवा हाताला चावली असेल तर अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच उतरवावं. तासाभराने ते निघत नाही आणि मग सोनाराची कात्री लागते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, खाजेसाठी सेट्रिझिनसारखी, अंगावर उठणाऱ्या पित्तावरची गोळी. साध्या डंखाला एवढं पुरतं.

## चुना, हळद, सोडा, लोखंड?

शाळेच्या विज्ञानात शिकवतात की मधमाशीच्या डंखात आम्ल असतं म्हणून त्यावर खाण्याचा सोडा लावावा, आणि गांधीलमाशीच्या डंखात अल्कली म्हणून व्हिनेगर. आम्ल-अल्कली शिकवायला उदाहरण सोपं आहे, पण डंखाला ते लागू पडत नाही. मधमाशीच्या सुक्या विषाचा जवळजवळ निम्मा भाग मेलिटिन नावाचं एक लहान प्रथिन असतं. ते पेशींच्या पापुद्र्याला भोकं पाडतं. आग होते ती मुख्यतः त्यामुळे. सोबत असलेली विकरं आजूबाजूचे पेशीजाल सैल करून विषाला वाट करून देतात. हे सगळं कातडीच्या खाली चालतं. वर लावलेला सोडा किंवा चुना तिथवर पोचत नाही.

हळदीने किंवा कांद्याच्या चकतीने बिघडत काही नाही, आजीचं मन राखलं जातं. मात्र चुन्याने कातडी भाजू शकते, शेण-मातीने जखम पिकू शकते, आणि रॉकेलबद्दल बोलायलाच नको. लोखंड घासण्याचा फायदा असेल तर तो लोखंडाच्या थंडपणाचा. माझी तक्रार या उपायांविषयी नाही, ते शोधण्यात जाणाऱ्या वेळाविषयी आहे. कारण ज्याला वावडं आहे त्याच्यासाठी तोच वेळ महत्त्वाचा असतो.

## सूज किती म्हणजे जास्त?

काही जणांचा हात बोटापासून कोपरापर्यंत सुजतो. दहा सेंटिमीटरपेक्षा मोठी सूज, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वाढणारी, उतरायला आठवडाभर घेणारी. दिसायला भयंकर, खाज असह्य. तरीही ती डंखाच्या जागेपासून सलग पसरलेली असेल तर जिवाला धोका सहसा नसतो. पहिल्या दोन दिवसांतली लाली आणि गरमपणा पाहून ॲन्टिबायोटिक सुरू करण्याचीही बहुतेक वेळा गरज नसते, कारण तो जंतुसंसर्ग नसून विषाला दिलेली प्रतिक्रिया असते. चार-पाच दिवसांनी दुखणं नव्याने वाढलं, पू झाला, ताप आला तर गोष्ट वेगळी.

अपवाद दोन. एक म्हणजे डोळ्याच्या बुबुळावर बसलेला डंख. त्याला नेत्रतज्ज्ञच लागतो. दुसरा तोंडात किंवा घशात बसलेला. रसवंतीवर उसाच्या रसाच्या ग्लासात माशी पडलेली असते आणि गप्पांच्या नादात घोट घेतला जातो. तिथे सूज साधी असली तरी जागा अरुंद, श्वासाची वाट बंद होऊ शकते. बर्फाचा खडा चघळत थेट रुग्णालय गाठावं.

## वावडं म्हणजे शरीरात नक्की काय होतं?

गावात एकदा चोरी झाली की पुढे कुत्रं भुंकलं तरी सगळं गाव काठ्या घेऊन बाहेर पडतं. अंधारात कोणी कोणाला ओळखत नाही, शेजाऱ्याचंच डोकं फुटतं, उभी पिकं तुडवली जातात, आणि चोर असलाच तर एकटाच असतो. वावडं हे साधारण असंच आहे. पहिल्या डंखानंतर काही माणसांच्या शरीरात त्या विषाला ओळखणारी 'आयजीई' नावाची प्रतिपिंडं तयार होतात आणि कातडी, फुप्फुसं, आतडी, रक्तवाहिन्यांच्या भोवती पहाऱ्यावर असलेल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी विषाचा थेंबही पुरतो. सगळीकडच्या मास्ट पेशी एकाच वेळी हिस्टामिन आणि तशीच इतर रसायनं ओततात. रक्तवाहिन्या सैल पडून पाझरू लागतात, रक्तदाब घसरतो, श्वासनलिका आवळतात, घसा सुजतो. इतका नाश करण्याची ताकद एका डंखातल्या विषात नसते. शरीर तो स्वतःच करून घेतं.

या टोकाच्या प्रतिक्रियेला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. तिचा शोध उलट्या दिशेने लागला. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए 1901–02 मध्ये समुद्री प्राण्यांच्या विषाची सवय कुत्र्यांना लावू पाहत होते. थोडं थोडं दिलं की प्रतिकार वाढेल हा अंदाज. पहिला डोस पचवलेल्या धडधाकट कुत्र्याला काही आठवड्यांनी तेच विष अगदी कमी दिलं आणि तो अर्ध्या तासाच्या आत मेला. रिशे यांना 1913 चं नोबेल मिळालं.

## "मला लहानपणापासून चावतायत, काही होत नाही"

हे गावोगावी ऐकू येणारं वाक्य. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही ठरतं: सर्वांगावर प्रतिक्रिया उमटते ती प्रौढांमध्ये शंभरात साधारण तिघांवर, मुलांमध्ये त्याहून कमी. पण आधीचे डंख ही हमी नव्हे. वावडं तयार व्हायला आधीचा डंखच लागतो, आणि ते कोणत्या डंखानंतर तयार होईल हे सांगता येत नाही. डंखाने झालेल्या मृत्यूंपैकी जवळपास निम्म्या लोकांना आपल्याला वावडं आहे याची आधी कल्पनाच नसते.

## ओळखायचं कसं?

एकच प्रश्न विचारा: चावली तिथे सोडून आणखी कुठे काही होतंय का?

चावली पायाला आणि पोटावर, पाठीवर गांधी उठल्या. ओठ, पापण्या, जीभ जड झाली. तळहात-तळपाय, काखा, डोकं खाजायला लागलं. ही खाज अनेकदा सगळ्यात आधी येते. आवाज घोगरा झाला, थुंकी गिळता येईना, खोकल्याची उबळ थांबेना, छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. पोटात मुरडा, उलटी, एकदम परसाकडे लागणं. यातलं शेवटचं अपचन समजून सोडून दिलं जातं, पण डंखानंतर काही मिनिटांत झालं तर ते अपचन नसतं. आणि "माझं काहीतरी होतंय, मी जाणार" अशी अचानक दाटून येणारी भीती. डॉक्टर तिलाही लक्षण मानतात, तुम्हीही माना.

फसवणारी गोष्ट अशी की दहातल्या एक-दोघांना अंगावर काहीच उठत नाही. सरळ चक्कर येते, घाम फुटतो, माणूस पांढराफटक पडून खाली बसतो. नुसत्या भीतीने भोवळ आली असेल तर आडवं केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत तरतरी येते आणि नाडी मंद लागते. इथे नाडी बहुतेक वेळा जोरात पळत असते आणि माणूस सावरत नाही. शंका असेल तर ॲनाफिलॅक्सिस धरून चालावं.

वेळ किती असतो? ब्रिटनमध्ये अशा मृत्यूंचा अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. डंख ते हृदय बंद पडणं, यातला मध्यम काळ 15 मिनिटांचा निघाला. बहुतेकांना एवढी तीव्र प्रतिक्रिया होत नाही, पण "घरी जाऊन पाहू" म्हणायला एवढा वेळ पुरेसा नाही.

## औषध एकच आहे, आणि ते गोळी नाही

त्याचं नाव ॲड्रेनलिन. सैल पडलेल्या रक्तवाहिन्या ते आवळतं, आवळलेल्या श्वासनलिका सैल करतं, हृदयाला जोर देतं आणि मास्ट पेशींचं ओतणं आवरतं. म्हणजे बिघाड जिथे जिथे झाला तिथे तिथे काम करणारं हे एकच औषध आहे. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्यायचं. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मुलांना वजनाप्रमाणे किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. पाच मिनिटांत उतार नाही पडला तर पुन्हा. औषध स्वस्त आहे आणि तातडीच्या औषधांत ठेवलेलं असतं.

पित्तावरची गोळी किंवा इंजेक्शन हिस्टामिनला अडवतं, खाज कमी करतं. पण घसरलेला रक्तदाब ते वर आणत नाही, सुजलेला घसा मोकळा करत नाही. स्टेरॉइडचा परिणाम दिसायला तास लागतात. दोन्ही नंतर देता येतात. ॲड्रेनलिनच्या जागी देता येत नाहीत. नातेवाइकाने दवाखान्यात "डॉक्टर, डंखानंतर श्वासाला त्रास होतोय, ॲड्रेनलिन लागेल का?" एवढं विचारणं उद्धटपणा नाही.

"हृदयाला त्रास झाला तर?" ही भीती वडीलधाऱ्यांच्या बाबतीत हमखास निघते. छातीत धडधड, हात थरथरणं, चेहरा पांढरा पडणं असं थोडा वेळ होतं. स्नायूत योग्य मात्रेत दिलेल्या औषधाचा धोका ॲनाफिलॅक्सिस तसाच सोडण्यापेक्षा खूप कमी आहे, म्हणून वृद्धांना आणि हृदयरोग्यांनाही ते देतात. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर ते मात्र आवर्जून सांगावं, कारण तिच्यामुळे ॲड्रेनलिनचा गुण कमी येऊ शकतो.

रुग्णवाहिका येईपर्यंत काय? 108 ला फोन करताना "मधमाशी चावली" एवढंच म्हणू नका. "ॲलर्जी आहे, श्वास लागलाय, चक्कर येतेय" असं सांगा. माणसाला आडवं करा, पाय उंच ठेवा. श्वास फारच लागत असेल तर पाय लांब करून टेकून बसवा. गरोदर बाईला डाव्या कुशीवर. उलटी होत असेल तर कुशीवर. उभं करू नका, "जरा चालून पाहा" म्हणू नका, दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नका. रक्तदाब कोसळलेला माणूस उठून उभा राहिला की हृदयाकडे परतणारं रक्त आटतं, आणि काही मृत्यू नेमके त्या क्षणी झाले आहेत. गडावरून उतरवायचं असेल तर स्ट्रेचर करून, आडवंच.

बरं वाटलं तरी काही तास रुग्णालयात थांबावं. आधीची लक्षणं ओसरून काही तासांनी पुन्हा उसळतात, असं थोड्या लोकांत होतं.

## शेकडो डंख

इथे हिशेब मात्रेचा. एका डंखातून फार तर मिलिग्रॅमचा सातवा भाग विष जातं. वावडं नसलेल्या माणसाला वजनाच्या किलोमागे सुमारे 20 डंख प्राणघातक ठरू शकतात, असा एक ढोबळ अंदाज आहे. साठ किलोच्या माणसाला बाराशेच्या आसपास, वीस किलोच्या मुलाला चारशे. वृद्ध आणि आजारी माणसं त्याहून खूप कमी डंखांतही दगावतात.

यात घातक भाग उशिरा येतो. मेलिटिन रक्तपेशी आणि स्नायू फोडत राहतं, त्यातून सुटलेला मळ मूत्रपिंडात अडकतो. माणूस पहिल्या दिवशी बोलतो-चालतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते, कमी होते. म्हणून मोठ्या माणसाला पन्नासेक, मुलाला त्याहून कमी डंख असले तरी, प्रकृती ठीक वाटत असताना, एक दिवस रुग्णालयात राहून रक्त-लघवी तपासून घ्यावी. सापाच्या विषासारखा उतारा मधमाशीच्या विषावर आपल्याकडच्या रुग्णालयांत नसतो. सलाईन, देखरेख आणि गरज पडली तर डायलिसिस हाच उपचार.

## एकदा असं झालं असेल तर

सर्वांगावर तीव्र प्रतिक्रिया येऊन गेली असेल तर पुढच्या डंखालाही ती येण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास धरावी. चार-सहा आठवड्यांनी ॲलर्जी-तज्ज्ञाकडे जाऊन तपासणी करावी. लगेच केलेली चाचणी खोटी 'निगेटिव्ह' येऊ शकते. विषाची अगदी सूक्ष्म मात्रा टोचत, वाढवत नेऊन शरीराला सवय लावण्याचा उपचार आहे. तो तीन ते पाच वर्षं चालतो आणि मधमाशीच्या बाबतीत दहापैकी आठांना संरक्षण देतो. रिशे यांना जे कुत्र्यांत जमलं नाही तेच हे, फक्त मात्रा आणि धीर वेगळा. मधपाळांमध्येही हेच दिसतं. महाबळेश्वरजवळच्या मांघरला 2022 मध्ये 'मधाचं गाव' म्हणून पुढे आणलं गेलं; अशा ठिकाणी वर्षभर डंख खाणाऱ्यांच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं भरपूर असतात. क्वचित डंख खाणारे त्यांच्या घरचे लोक मात्र जपलेले बरे.

परदेशात अशा रुग्णाला स्वतः टोचून घ्यायचं ॲड्रेनलिनचं पेन देतात. आपल्याकडे ते कोपऱ्यावरच्या औषध दुकानात सहज मिळत नाही. म्हणून डॉक्टरांकडून ॲम्प्युल, सिरिंज आणि नेमकी मात्रा लिहून घेणं, ते भरायला घरातल्या आणि सोबतच्या एकाला शिकवून ठेवणं, हा मार्ग उरतो. ट्रेकला नेणाऱ्या गटाला पैसे भरण्याआधी विचारा: पेटीत ॲड्रेनलिन आहे का, ते देता येणारं कोण आहे, आणि गडाखालचं कोणतं आरोग्य केंद्र रविवारी उघडं असतं.